शिवाची वार

सारजाबाईंनी पदराखालून कोरं मडकं काढलं आणि आयाबाईच्या हातात ठेवलं.

"वार ह्यात घाला," त्या म्हणाल्या.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, एवढं सांगायला सुंदरम्मा दार अर्धवट उघडून बाहेर आली होती. तिच्या मागून नव्या बाळाचं रडणं येत होतं. या दवाखान्यात आयाचं काम करता करता तिचे केस पिकले होते. लोकांनी तिच्या हातात पेढे ठेवले होते, साड्या ठेवल्या होत्या. बाळामागून पडलेली वार न्यायला मडकं कुणी ठेवलं नव्हतं.

"वार देत नाय अम्मा इथं," ती म्हणाली. "पिवळ्या पिशवीत घालायची. गाडी येते न्यायला."

"गाडी? कुटं न्येती?"

"जाळायला."

सारजाबाईंनी मागं वळून पाहिलं. भिंतीला टेकून त्यांचा धाकटा भाऊ बिरप्पा उभा होता. आत बाळंत झाली ती सृष्टी त्याची मुलगी. बहिणीच्या मुलाला भावाची मुलगी द्यायची रीत दोन्ही घरांत होती, त्यामुळं सृष्टी सारजाबाईंची भाची होती आणि आता सूनही. नात झाल्याचं ऐकून बिरप्पाचा चेहरा नुकता कुठं उजळला होता. 'वार' हा शब्द कानावर पडला तसा तो भिंतीपासून सरळ झाला, टोपी नीट केली, आणि जिना उतरून गेला.

सारजाबाईंनी त्याला थांबवलं नाही. तो का गेला ते त्यांना ठाऊक होतं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत शिवराज झाला, तो माहेरी, मोडनिंबजवळच्या वस्तीवर. पहिलटकरीण असून सारजाबाई सहज सुटल्या होत्या आणि पोर कसं गुलाबी, टणक, गाव जागं होईल असं रडणारं. वडील जनावरांच्या बाजाराला गेलेले. घरात पुरुषमाणूस म्हणायचं तर शाळकरी बिरप्पा. सुईणीनं वार मडक्यात घालून त्याच्याकडं दिली आणि परसात खोल पुरून यायला सांगितलं. चैतातली जमीन, खाली सगळा मुरूम. बिरप्पानं टिकाव मारून मारून हाताला फोड आणले. शेवटी गुडघाभर खड्ड्यात मडकं ठेवून माती लोटली आणि वर धोंडा ठेवला. सकाळी बघतात तर धोंडा कलंडलेला, मडक्याच्या खापऱ्या झालेल्या. वार कुत्र्यांनी नेली होती.

ही गोष्ट सासरी पोचायला वेळ लागला नाही. "कुत्र्यानं वार न्हेली. आता हिची कूस भरली तरी पोर हाताला लागायचं न्हाय," असं सासू ओसरीवर बसून म्हणाली, आणि तसंच होत गेलं. शिवराजच्या पाठची मुलगी सकाळी झाली. सांजेला तिचे डोळे पिवळे झाले, आणि तिसऱ्या दिवशी हळद माखल्यासारखी होऊन ती गेली. तिच्या पाठच्या मुलानं तर एक रात्रही काढली नाही. त्यानंतरचं पोटातच गेलं. इतकं सुजलं होतं की सुईणीनं ते सारजाबाईंना बघूही दिलं नाही.

त्या खेपेला बिरप्पा भेटायला आला होता. बाजेवर पडल्या पडल्या सारजाबाई त्याला म्हणाल्या, "जरा खोल खणलं असतंस तर, बिरू."

एवढंच. पुन्हा दोघांत हा विषय कधी निघाला नाही. पण तेव्हापासून बिरप्पा बहिणीच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायचा नाही. सृष्टीचं आणि शिवराजचं जमतंय असं दिसलं तेव्हा दोन्ही घरांत आनंद झाला. लग्नाची तारीख पुढं पुढं ढकलत राहिला तो एकटा बिरप्पा.

म्हणून हे मडकं. शिवराज चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्याची दोन खोल्यांची जागा सोलापुरात. तिथं परस कुठलं? पण वार गावाकडं न्यायची हे सारजाबाईंचं आधीच ठरलेलं होतं. उजनीच्या पाण्याकाठी त्यांचं रान. पाइपलाइनच्या चरीसाठी जेसीबी आला होता, त्याच्याकडून त्यांनी केळीच्या बागेपलीकडं पुरुषभर खोल खड्डा खणून घेतला होता. कशाला, ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"काय झालं, सुंदरम्मा?" म्हणत डॉक्टर बाहेर आल्या. बिराजदार त्यांचं आडनाव. वयानं लहान, सारजाबाईंच्या शिवराजएवढ्याच असतील. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता.

"बाई, तुमच्या पाया पडते," सारजाबाई खरंच वाकल्या. "येवडी वार द्या. मी पदराआड घिऊन जाते, कुनाला दिसू द्यायची न्हाय."

"आजी, अहो, उठा." त्यांना 'आजी' म्हणणारं ते पहिलं माणूस. "देता येत नाही हो, खरंच. नियम आहे. पण बघायची असली तर या. चपला बाहेर काढा."

आतल्या लहान खोलीत स्टीलच्या ट्रेमध्ये वार पसरून ठेवली होती. सारजाबाईंनी शेळ्यांची वार पाहिली होती, म्हशीची पडेना तेव्हा हात घालून काढली होती. माणसाची अशी समोर कधी पाहिली नव्हती. ती थाळीएवढी गोल होती.

डॉक्टरांनी हातमोजे घातलेल्या बोटांनी ती चापपायला सुरुवात केली. "तुकडा आत राहिलाय का ते बघावं लागतं. ही आईकडची बाजू." ती लालभडक होती, भेगा पडलेल्या चिखलासारखे तिचे खण पडलेले. मग त्यांनी ती उलटली. "आणि ही बाळाकडची." ही बाजू गुळगुळीत, ओली, निळसर. मधोमध नाळ आणि तिच्यापासून चहूकडं पसरलेल्या शिरा, वडाच्या मुळ्या पसराव्यात तशा.

"ह्यातनंच आईचं रगत पोराला जातं, न्हवं?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण आईचं रक्त या अंगानं, बाळाचं त्या अंगानं. मध्ये पातळ पडदा. काय पलीकडं सोडायचं आणि काय अडवायचं ते ही वार ठरवते. अन्न सोडते, हवा सोडते, आजाराशी लढायची आईची ताकद सोडते. रक्त नाही सोडत. नऊ महिने दोघींचं रक्त शेजारी शेजारी वाहतं, पण आपापल्या बाजूला."

"अगदीच मिसळत न्हाय?"

"चार पेशी इकडच्या तिकडं निसटतातच. खरी गडबड होते ती वार सुटताना. पडदा फाटतो, आणि बाळाच्या रक्ताचे काही थेंब आईत जातात. म्हणून तर शिवराजना मघाशीच इंजेक्शन आणायला पाठवलंय. सृष्टीचं रक्त निगेटिव्ह आहे. बाळाचं नाळेतून घेऊन आत्ता तपासलं, ते पॉझिटिव्ह आलं."

'निगेटिव्ह' हा शब्द सारजाबाईंच्या ओळखीचा होता. बार्शीला त्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्ताची बाटली मिळता मिळत नव्हती. सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द होता.

"माजंबी तसलंच हाय," त्या म्हणाल्या. "आन् समजा, इंजेक्शन न्हाय दिलं तर?"

"या बाळाला काहीच होणार नाही. पहिल्याला बहुतेक वेळा काही होत नाही. पण ते थेंब आईच्या शरीराला परके वाटतात. त्यांचा नाश कसा करायचा ते शरीर शिकून ठेवतं. पुढच्या खेपेला बाळ पॉझिटिव्ह असलं की ते शिकलेलं कामाला लागतं. आणि ही वार त्याला अडवत नाही, आजी. बाळाच्या भल्यासाठी ती आईची ताकद पलीकडं सोडते ना, तिच्यातूनच हेही जातं. बाळाच्या रक्तातल्या पेशी फुटायला लागतात."

"मग?"

"मग बाळ पिवळं पडतं."

सारजाबाई टेबलाजवळ सरकल्या.

"पयल्याच दिवशी? सकाळी झालं तर सांजंला?"

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"किती गेली, आजी?"

"तीन. शिवाच्या पाठची."

"दर खेपेला आधीच्यापेक्षा लवकर?"

सारजाबाईंनी मान हलवली.

"आणि शेवटचं पोटातच. सुजून."

"तुमाला कुनी सांगितलं?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले, कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढून पुढं केलं आणि सारजाबाईंना खांद्याला धरून त्यावर बसवलं.

"शिवराज झाले तेव्हा त्यांचे थेंब तुमच्यात आले असणार. हे इंजेक्शन तेव्हा तुमच्या वस्तीवर कोण आणून देणार होतं? यात कुणाची चूक नसते, आजी."

"शिवाची वार कुत्र्यांनी न्हेली हुती." सारजाबाईंनी डॉक्टरांकडं मान वर केली. "खड्डा खोल नव्हता. त्येच्यानं झालं म्हनत्यात समदी."

"वार पडली की तिचं काम संपलं. नंतर पुरा, जाळा, कुत्र्यानं नेऊ दे. जे व्हायचं ते ती सुटतानाच होऊन गेलेलं होतं."

सारजाबाईंनी पुन्हा ट्रेकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "माज्यात आलेलं त्येचं रगत अजून हाय व्हय?"

"ते थेंब चार-सहा महिन्यांत विरतात. पण बाळाच्या दुसऱ्या काही पेशी असतात, त्या आईत राहून जातात. पुढं कितीतरी वर्षं. म्हाताऱ्या बायकांमध्येही सापडल्यात."

"जी जगली त्येंच्याच?"

"नाही. गेलेल्यांच्याही असू शकतात. तुमच्यात आहेतच असं मी नाही सांगू शकत, तपासल्याशिवाय ते कळत नाही. पण असं होतं."

बाहेर ऊन रणरणत होतं आणि खोलीत पंखाही नव्हता. तरी सारजाबाईंनी दोन्ही हात कोपरापर्यंत पदरात गुंडाळून घेतले आणि छातीशी धरले. डॉक्टरांना कुणीतरी हाक मारली. त्या गेल्या तरी सारजाबाई तशाच बसून होत्या.

खाली दुचाक्या लावायच्या जागेत एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत बिरप्पा उकिडवा बसला होता.

"पोरीचं तोंड बघायचं सोडून हितं काय करतूस?"

"वर लई उकडाय लागलं." त्यानं मान वर केली नाही. "दिली का त्येंनी?"

"न्हाय दिली."

बिरप्पा धडपडत उठला. "मी बोलतो डाक्टरांसंगं. हात जोडतो. अक्का, ह्या खेपंला मी सोता खणतो. तू म्हनशील तेवडं खोल खणतो."

"खाली बस," सारजाबाई म्हणाल्या, आणि आपणही त्याच्याजवळ मातीतच बसल्या. "बिरू, खड्ड्यानं न्हाय झालं ते."

बिरप्पाही खाली बसला. "आज कशाला काढतीस गं ते?"

"डाक्टरीण म्हनली. माजं रगत येगळं आन् पोरांचं येगळं. शिवा झाला तवा वार सुटताना त्येचं रगत माज्यात आलं. तितनं सुरू झालं. पुढची पोरं त्येनं पिवळी पडली. कुत्र्याचा काय संबंद न्हाय. तुजाबी न्हाय."

"मला बरं वाटावं म्हनून सांगतीस."

"तुला बरं वाटावं म्हनून मी कवा काय बोललीय?"

हे खरं होतं, आणि ते बिरप्पालाही ठाऊक होतं. त्यानं टोपी काढली. तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"टिकाव आत जाईना, अक्का," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. "लई खणलं गं मी."

"म्हाईत हाय. हात बगितलं हुतं तुजं."

"मुरूम हुता खाली."

"म्हाईत हाय मला."

सारजाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं चिकटला होता आणि आतून पाठ हलत होती. ती हलायची थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

बिरप्पानं उपरण्यानं तोंड पुसलं. मग एकदम काहीतरी ध्यानात आल्यासारखा तो बहिणीकडं वळला. "शिवाला ठाव हाय का हे? त्येच्यापासनं सुरू झालं ते?"

सारजाबाई काही बोलणार तोच फाटकातून शिवराजची मोटारसायकल आत आली. त्याच्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता.

"मामा, चला की वर! बर्फात आणलंय, लगेच द्यायचंय," तो म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या टाकत गेला.

सृष्टीला खोलीत आणलं होतं. ती थकून डोळे मिटून पडली होती. कुशीत दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. नर्सनं इंजेक्शन दिलं. सुई आत जाऊन औषध संपेपर्यंत सारजाबाईंची नजर हलली नाही. बिरप्पानं नातीच्या कपाळाला बोट लावलं आणि मागं सरून उभा राहिला.

नर्स गेल्यावर शिवराज पलंगाच्या कडेला बसला. मुलीनं त्याचं बोट मुठीत धरलं होतं.

"डॉक्टर तुझ्याशी एवढा वेळ काय बोलत होत्या, आई? सुंदरम्मा सांगत होती."

"काय न्हाय. ह्या इंजेक्शनचंच."

"आम्हाला सातव्या महिन्यातच समजावून सांगितलं होतं त्यांनी. पहिल्याला काय होत नाही, पण पुढच्या..." बोलता बोलता तो थांबला. "आई, बार्शीला तुझ्यासाठी बाटली आणायला मीच पळालो होतो. निगेटिव्हच होती की ती."

सारजाबाईंनी दुपट्याचं टोक सारखं केलं.

"आणि माझं पॉझिटिव्ह." शिवराजचा आवाज खाली आला. "पहिल्याचं रक्त आईत जातं म्हणाल्या होत्या. मग माझ्या पाठची ती तिघं..."

लहानपणी राखीपौर्णिमेला हा पोरगा शेजारच्या घरात जाऊन राखी बांधून घ्यायचा आणि आल्यावर विचारायचा, मला बहीण होती ना गं? कशी होती ती? आता त्यानं मुलीच्या मुठीतून आपलं बोट हळूच सोडवून घेतलं आणि हात मागं, आपल्या मांडीखाली ठेवला.

"तू पयला न्हवंस," सारजाबाई म्हणाल्या.

शिवराजनं वर पाहिलं. बिरप्पानंही.

"तुज्या आदी एक राह्यलं हुतं. दोन-अडीच म्हैन्याचंच पडलं. लोकांना कशाला सांगायचं म्हनून कुनाला बोललो न्हाई आमी. त्येचंच रगत माज्यात ऱ्हायलं. डाक्टरीण तेच इचारत हुती मला." त्यांचा आवाज कुठं अडखळला नाही. "तूबी झालास तवा पिवळा हुतास की. तुज्यावर जरा थोडक्यात निभावलं, येवडंच."

"मी पिवळा होतो?"

"मग! डोळंसुदिक."

शिवराज मामाकडं वळला. वस्तीवर त्याच्या जन्माच्या वेळी घरात असलेलं, आज हयात असलेलं, आईखेरीज तेवढं एकच माणूस होतं. "व्हय का, मामा?"

बिरप्पानं बहिणीकडं पाहिलं. सारजाबाई नातीच्या दुपट्याशीच काहीतरी करत होत्या. दुपट्याचं टोक त्यांनी सोडून पुन्हा खोचलं. सृष्टीनं डोळे उघडून एकदा आत्याकडं, एकदा बापाकडं पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

"व्हय तर," बिरप्पा म्हणाला. "लई पिवळा हुतास. सुईण म्हनली, कवळ्या उनात धरा. मीच धरायचो तुला, अंगणात, मांडीवर घिऊन. साळंला जायच्या आदी रोज सकाळी. आठ दिस लागलं उतराय."

शिवराजचे खांदे खाली आले. मांडीखालचा हात बाहेर आला. मुलीच्या तळव्याला बोट लागताच तिनं ते पुन्हा पकडलं.

"उन्हात? एवढ्याशा पोराला?" त्यानं विचारलं.

"डोक्याला टोपडं असायचं की," बिरप्पा म्हणाला. आता तो चांगला सरसावला होता. "निळं टोपडं, बंदाचं."

"निळं कुटलं रं?" सारजाबाई वर न बघता म्हणाल्या. "हिरवं हुतं."